युनिटाचं पाणी

विजेचं बिल आलं की प्रत्येक मध्यमवर्गीय घरात एक छोटंसं अर्थसंकल्पी अधिवेशन भरतं. विरोधी पक्ष गीझरकडे बोट दाखवतो, सत्ताधारी पक्ष इस्त्रीकडे. शेवटी सर्वानुमते दोषी ठरतो तो जिन्यातला मिणमिणता दिवा. तेवढ्यात कुणीतरी जाणकार सुस्कारा सोडतो, "अहो, आपली वीज म्हणजे पाण्यावरची! पाऊस फुकट, घाट फुकट, मग हे आकडे कसले?"

प्रश्न रास्त आहे. तेव्हा थोडं इतिहासात शिरू. त्याला वीज लागत नाही.

सह्याद्री ही विजेची घसरगुंडी आहे, हे टाटांच्या लोकांनी आधी ओळखलं. १९१० साली कंपनी निघाली, लोणावळ्याच्या आसपास तलाव बांधले गेले, आणि १९१५ साली ते पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडून मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रं आली. कोयनेची तर आणखी गंमत. कृष्णेला भेटायला निघालेल्या या नदीला धरण बांधून अडवलं आणि डोंगराच्या पोटातून उलट्या दिशेनं कोकणात, पोफळीला उतरवलं. १९६२ साली तिथली वीज सुरू झाली.

आता हिशेब पाहा. पाणी पाचशे मीटरवरून खाली आलं, तर एका युनिटाला साधारण आठशे-नऊशे लिटर लागतं. म्हणजे चाळीसेक बादल्या! दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो आणि त्याबदल्यात आंघोळीच्या दीड-दोन बादल्या देतो. दोन बादल्यांसाठी चाळीस बादल्या घाट उतरतात. इतका लवाजमा पूर्वी संस्थानिकांच्या स्नानालाही नसेल.

तरी बिल का येतं? कारण पाणी फुकट असलं तरी ते मोजकं आहे. कोयनेचं किती पाणी पश्चिमेला वळवायचं, यावर लवादाची मर्यादा आहे. त्यामुळे हे पाणी पगारासारखं पुरवून वापरावं लागतं. जलविद्युतचं यंत्र काही मिनिटांत सुरू होतं, म्हणून सगळं राज्य एकदम बटणं दाबतं तेव्हा कोयनेला हाक मारतात. बाकी दिवसभराचा मोठा भार कोळसाच वाहतो, आणि तो विकत घ्यावा लागतो. शिवाय बिलात स्थिर आकार असतो, म्हणजे दिवा न लावण्याचं भाडं. वहन आकार असतो, म्हणजे विजेचं रिक्षाभाडं. वर वीज शुल्क. शंभर युनिटांच्या पुढे गेलात की दरही उडी मारतो.

पण एक बिल आपल्याला कधी आलंच नाही. मुळशीच्या धरणात आंबेमोहोराची खाचरं बुडणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. 'जान किंवा जमीन' म्हणत शेतकरी आणि बायाबापड्या तुरुंगात गेल्या. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. जमीन गेली, आणि १९२७ साली भिऱ्याचं केंद्र चालू झालं. कोयनेच्या शिवसागराखालीही गावंच्या गावं गेली. तिथल्या माणसांची पुनर्वसनाची मागणी पुढे कित्येक दशकं चालू राहिली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, शंभराहून अधिक माणसं दगावली, आणि दूर मुंबईतले दिवे गेले. दिवे कुठून येतात, हे तेव्हा बऱ्याच जणांना प्रथम कळलं असावं.

म्हणून काटकसरीबद्दल माझं म्हणणं एवढंच, की ती जिन्यातल्या दिव्यापासून सुरू करू नये. नऊ वॅटचा एलईडी दिवा शंभर तास जळून जेमतेम एक युनिट खातो. जुना शंभर वॅटचा बल्ब तेवढं दहा तासांत संपवायचा. खरा खादाड न्हाणीघरात भिंतीवर बसलेला असतो. आंघोळ झाली की त्याचं बटण बंद करावं, आणि संध्याकाळी सगळा गाव दिवे लावत असताना इस्त्री, गीझर आणि पाण्याचा पंप एकदम लावू नये. बिलात चार पैसे वाचतील.

आणि चाळीस बादल्या वर डोंगरातच राहतील. कुणाच्या तरी शेतावर उभं असलेलं पाणी आहे ते. निदान वाया तरी जाऊ नये.