नोटेवरच्या रेघांचा इतिहास

आपल्या हातातून रोज किती पैसे गेले याचा हिशेब आपण नीट ठेवतो, पण त्या नोटांवर चित्र कोणते होते असे कोणी विचारले तर पटकन सांगता येत नाही. नोट ही मोजायची वस्तू, पाहायची नव्हे, असाच सर्वसाधारण समज आहे. जुन्या नोटा जमवण्याचा छंद जडला की मात्र नजर बदलते. या छंदाच्या निमित्ताने जी माहिती गोळा झाली, तिच्यातली थोडी आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवत आहे. या इतिहासाचे एक मोठे ठिकाण महाराष्ट्रात आहे. हावडा मेलने रायपूरहून मुंबईला जाताना ते आपल्या वाटेवरच लागते. ते म्हणजे नाशिक रोड.

प्रथम हे कोरीवकाम म्हणजे काय ते पाहू. साधी छपाई कागदावर सपाट बसते. कोरीव छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर बारीक टोकाच्या हत्याराने चित्र कोरतात, तेही उलटे, आरशात दिसावे तसे. कोरलेल्या चरांत शाई भरतात, वरची शाई पुसून टाकतात आणि कागद प्रचंड दाबाखाली त्यावर दाबतात. चरातली शाई कागदावर येते आणि वाळल्यावर किंचित उंच राहते. 100 किंवा 500 च्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवून पाहा, खरखर जाणवेल. दृष्टिहीनांसाठी 100 च्या नोटेवर त्रिकोण आणि 500 च्या नोटेवर वर्तुळ असेच उंच छापलेले असते.

अशा चित्रात सावली रंगाने भरत नाहीत. रेघ किती जाड, दोन रेघांत अंतर किती, यावरून गाल, कपाळ, कपड्याची घडी दिसते. आमच्या डिप्लोमाच्या काळात ट्रेसिंगवरची चुकीची रेघ ब्लेडने खरवडून काढता येत असे. धातूवर ती सोय फारशी नाही. नक्कल करणाऱ्यालाही म्हणूनच हा हात साधत नाही. नोटेवरचा विश्वास सहीवर आणि कायद्यावर जितका उभा आहे, तितकाच तो या रेघांवर उभा आहे.

आपल्याकडे सरकारी नोटांचा आरंभ 1861 च्या कायद्याने झाला. त्याआधी बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँका स्वतःच्या नोटा काढत. त्या बँकेच्या नोटांवर मुंबईचा टाऊन हॉल आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम यांची चित्रे होती. 1818 मध्ये पेशवाई बुडवण्यात ज्यांचा हात होता, तेच दोघे पुढे नोटेवरून मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती खेळले! 1861 च्या सरकारी नोटेवर राणी व्हिक्टोरियाचे चित्र होते, पण खोट्या नोटांचा सुळसुळाट झाल्याने ती मालिका मागे घेऊन 1867 पासून नवी, एकाच बाजूला छापलेली नोट आणली गेली. तिच्यावर चित्र नव्हते. नागमोडी जलचिन्ह, रंगीत पार्श्वभूमी आणि यंत्राने काढलेली वेलबुट्टीसारखी रेघांची जाळी हेच तिचे संरक्षण. पुढे 1923 मध्ये दहाच्या नोटेवर पंचम जॉर्ज आला.

या सर्व नोटा विलायतेत छापून बोटीने येत. 1928 मध्ये नाशिक रोडला नोटांचा छापखाना सुरू झाला आणि 1932 पर्यंत सर्व किमतींच्या नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट 1938 ची, पाच रुपयांची. 1949 च्या एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी अशोकस्तंभ आला.

आता थोडे युरोपात डोकावू. नोटांच्या कोरीवकामात स्वित्झर्लंडचे नाव संग्राहक आदराने घेतात. 1911 मध्ये, आपल्या नोटेवर केवळ अक्षरे आणि जाळी होती तेव्हा, स्विस 50 फ्रँकच्या नोटेवर लाकूडतोड्या आणि 100 च्या नोटेवर गवत कापणारा शेतकरी आला. ही चित्रे फर्डिनांड होडलर या नामवंत चित्रकाराची होती, पण नोटा छापल्या लंडनच्या वॉटरलो कंपनीने. चित्र धातूवर उतरताना बदलले म्हणून होडलर नाराज होता. चित्रकाराचे नाव राहिले. ज्याच्या हाताने ती रेघ धातूवर उतरली, त्याचे नाव सामान्यांना ठाऊक नाही.

इंजिनिअर लोकांना आवडेल अशी स्विस नोट म्हणजे 1979 ची 10 फ्रँकची. पुढे गणितज्ञ ऑयलर, मागे पाण्याच्या टर्बाइनची आकृती, सूर्यमाला आणि भिंगातून जाणारे प्रकाशकिरण. 2000 मध्ये ती चलनातून काढली, पण 2020 पासून स्विस कायद्याने त्या मालिकेच्या व नंतरच्या नोटा बदलून घेण्याची मुदतच काढून टाकली आहे.

आपल्या नोटाही या बाबतीत मागे नाहीत. स्वातंत्र्यानंतर त्यांवर शिडाचे गलबत आले, हत्ती आले, वाघ आला, ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी आला. 1954 च्या पाच हजारांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होते. ती 1978 मध्ये रद्द झाली. शंभराच्या एका जुन्या नोटेवर हिराकूड धरण आहे. त्या धरणात अडलेले पाणी आपल्या महानदीचे, सिहाव्याच्या डोंगरातून निघून राजिमवरून वाहत गेलेले. छत्तीसगडच्या माणसाने ती नोट संग्रहात ठेवलीच पाहिजे. आणखी एक गंमत: प्रत्येक नोटेच्या मागे पंधरा भाषांची पट्टी असते, त्यात बरोबर मध्ये, आठव्या ओळीत मराठी आहे. सगळ्या पाट्या हिंदीत असलेल्या या शहरात आपली भाषा अशी रोज खिशात असते.

ज्यांच्या घरी देव्हाऱ्यात, आजीच्या डब्यात किंवा पहिल्या पगाराची आठवण म्हणून जुन्या नोटा असतील, त्यांना विनंती की त्या टाकू नका. लॅमिनेशन करू नका, इस्त्री फिरवू नका, पिना टोचू नका. बँकांतल्या स्टेपलच्या भोकांनी किती चांगल्या नोटा गेल्या! रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये ती प्रथा बंद करायला सांगितले. साध्या पीव्हीसी पाकिटाऐवजी पॉलिएस्टरचे पाकीट वापरावे. मात्र 2016 मध्ये रद्द झालेल्या 500 व 1000 च्या नोटांबाबत 2017 चा कायदा लक्षात ठेवा. एकूण दहापर्यंत नोटा आणि अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत ठेवता येतात, अधिक नाही.

संग्रहाला फार पैसा लागत नाही. आज वीस रुपयांची नवी नोट हातात आली तर उलटून पाहा, मागे वेरूळची लेणी आहेत. तिथे पाथरवटांनी दगड काढून टाकत मूर्ती घडवल्या, इथे कोरक्यांनी धातू काढून टाकत चित्रे घडवली. दोघांचीही नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांचे काम मात्र आपल्या हातात आहे, ते खर्च करण्याआधी क्षणभर पाहावे, एवढेच.