ओठाचा कोपरा

कामगारांच्या संघटनेत उभी हयात घालवलेल्या माणसाने शरीरशास्त्राच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. म्हणून कारण प्रथम सांगतो. आमच्या एका सभासदाच्या जबड्याखाली गळू झाले होते. ते कापले, जखमही भरली; परंतु पुढे बोलताना-हसताना त्याचा खालचा ओठ एका बाजूस खाली उतरे, दुसऱ्या बाजूस जागचा हलत नसे. मुकादमाला वाटे, हा आपल्याला वेडावतो. उद्धटपणाबद्दल त्याला दोनदा ताकीद मिळाली. त्याची बाजू मांडण्यासाठी आम्ही पुस्तके उघडली.

चेहरा हलवणारा मज्जातंतू कानामागच्या हाडातून बाहेर पडतो, कानापुढच्या लाळग्रंथीत शिरतो आणि तेथे त्याच्या पाच मुख्य शाखा होतात. त्यांतली एक खालच्या जबड्याच्या काठाने पुढे जाऊन ओठाचा कोपरा खाली ओढणाऱ्या स्नायूंना पोचते. तिच्यावर कातडी, थोडी चरबी आणि मानेचा एक पातळ स्नायू, एवढेच पांघरूण.

हा मज्जातंतू हालचालीचा आहे, हेच उशिरा कळले. चेहऱ्याच्या असह्य कळेवर उपाय म्हणून काही शस्त्रवैद्य तोच कापीत. कळ राहायची आणि चेहरा लुळा पडायचा. लंडनच्या चार्ल्स बेलने १८२१ साली रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले, तेव्हापासून हालचालीचा तंतू वेगळा आणि संवेदनेचा वेगळा, ही समज रुजू लागली.

परंतु शाखा नेमकी कोठून जाते, हे शवे उघडल्यावाचून कळत नाही. आणि शवे कोणाची? इंग्लंडात आधी फाशी गेलेल्या खुन्यांची. ती पुरेनात म्हणून थडग्यांतून चोरलेली. १८३२ च्या कायद्याने अनाथालयांत व इस्पितळांत मेलेल्या, वारस पुढे न आलेल्या गरिबांची शवे विद्यालयांना मिळू लागली. आपल्याकडे मुंबई राज्याने १९४९ साली बेवारस शवांसाठी असाच कायदा केला. ज्यांच्या मयताला चार माणसे मिळाली नाहीत, त्यांनी डॉक्टर घडवले, हे आम्हा कामगारांनी तरी विसरू नये.

१९६२ साली अमेरिकेत रीड डिंगमन आणि विल्यम ग्रॅब यांनी शवांचे १०० अर्धे चेहरे उकलून मोजदाद प्रसिद्ध केली. जबड्यावरून वर चढणारी धमनी हाताला ठणठण लागते. तिच्या पुढे ही शाखा दरवेळी जबड्याच्या काठावरच सापडली. तिच्या मागे मात्र ८१ चेहऱ्यांत काठाच्या वर, आणि १९ चेहऱ्यांत खाली. तीही फार तर एक सेंटिमीटर.

हिशेब पक्का वाटला. पण १९७९ साली डॅनियल बेकर आणि जॉन कॉन्ली यांनी जिवंत रोग्यांवर शस्त्रक्रिया करताना काय दिसले ते लिहिले : शाखा जवळजवळ नेहमीच काठाखाली एक-दोन सेंटिमीटर, आणि वय झालेल्यांत त्याहूनही खाली! शवाची ऊती आणि जिवंत माणसाची सैल ऊती यांत हा फरक. म्हणून जबड्याखाली छेद घेताना काठापासून दोन बोटे खाली घ्यावा, हा दंडक.

कारखान्याचा अहवाल कचेरीत बसून लिहिला म्हणजे कसा चुकतो, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. मोजणी खोटी नसते. पण खात्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारल्यावाचून ती पुरी होत नाही. डॉक्टरांनी जिवंत माणसाला विचारले आणि आपलीच मोजणी दुरुस्त केली, यात त्यांचा मोठेपणा आहे.

आमच्या सभासदाच्या दोन्ही ताकिदी आम्ही रद्द करून घेतल्या. ओठ मात्र परत मिळवून देता आला नाही.