फोटोखालची ओळ

अँटॉप हिलला शेख मिसरींच्या दर्ग्याकडे जाताना परवा ओळखीच्या एका मुलाने थांबवले. "चाचा, आपल्या एरियाचा शंभर वर्षांपूर्वीचा फोटो आहे का तुमच्याकडे?" शाळेच्या प्रोजेक्टसाठी हवा होता. व्हीटी स्टेशन, राजाबाई टॉवर, क्रॉफर्ड मार्केट यांचे हवे तेवढे फोटो मी त्याला देऊ शकलो असतो. अँटॉप हिलचा माझ्याकडे एकही नव्हता.

घरी आल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. जुने फोटो आपोआप निघालेले नाहीत. ते कुणीतरी, कशासाठी तरी काढले. कोणी आणि कशासाठी, हे कळले की आपण त्यात का नाही हेही बरेचसे कळते.

मुंबईत फोटोग्राफी लवकर आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. पुढे विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यात माणसांची मांडणी जातवार आणि जमातवार आहे. गंमत म्हणजे यातल्या अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणची आणि मागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा आहे. माणसांच्या आकृत्या कापून वेगळ्या देखाव्यावर चिकटवल्या होत्या. फोटोखालच्या ओळीत माणसाचे नाव नसे, जमातीचे असे. म्हणजे चेहरा एकाचा आणि ओळख हजारोंची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्र-पोस्टकार्डे आली, त्यांनीही हीच पद्धत चालू ठेवली.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीस आला आणि कॅमेरा घराघरात शिरला. १८९६-९७च्या त्या छायाचित्रांत तपासणीची पथके, डॉक्टर, शिपाई आणि इस्पितळातल्या खाटा दिसतात. खाटेवरचा माणूस मात्र निनावीच राहतो. या प्लेगमुळेच १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहर दादर, माटुंगा, शीव, वडाळ्याकडे सरकवण्याच्या योजना आखल्या गेल्या. १९१० साली कुर्ला ते रे रोड हार्बर रेल्वे धावू लागली. अँटॉप हिलच्या आसपास तेव्हा मिठागरे होती, खाजण होते. पोस्टकार्ड विकत घेणाऱ्या प्रवाशाला राजाबाई टॉवर हवा होता. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो घरी कोण पाठवणार?

पण सगळा दोष साहेबाच्या कॅमेऱ्यावर टाकून चालणार नाही. आपल्या अनेक घरांत तसवीर नाजायज मानली गेली, शिवाय पडदा होताच. माझ्या नानीचा एकच फोटो आहे, तोही हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. मात्र मुसलमान फोटो काढत नसत, हे विधानही अर्धेच खरे आहे. त्याच मुंबईत तय्यबजी आणि फैजी घराण्यांतल्या बायकांचे फोटो निघत होते. अतिया फैजी १९०६ साली शिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्यांचे फोटो आजही पाहायला मिळतात. धर्म एकच होता, ऐपत आणि शिक्षण वेगळे होते. मदनपुऱ्यातल्या विणकराच्या बायकोचा चेहरा हरवला तो फक्त पडद्यामुळे नव्हे.

मग १९३० साल आले आणि ज्या मिठागरांकडे कुणी पाहत नव्हते, तिथे सगळ्या देशाचे लक्ष लागले. २२ मे रोजी वडाळ्याच्या मिठाच्या आगारावर गेलेले १८८ स्वयंसेवक पकडून वरळीला नेले गेले. १ जूनला तर सुमारे १५ हजार लोक तिथे उतरले. त्यात बायका आणि मुलेही होती. पोलिसांचे कडे तोडून, चिखल तुडवत लोकांनी मीठ उचलले. मुंबईतल्या १९३०-३१च्या कायदेभंगाच्या छायाचित्रांचा के. एल. नर्सी यांच्या नावाचा एक अल्बम अल्काझी संग्रहात जपलेला आहे. त्यातली माणसे नमुना म्हणून उभी केलेली नाहीत. ती स्वतःहून रस्त्यावर आलेली आहेत.

अशा फोटोंत आपण लगेच टोप्या मोजू लागतो. यात आपले किती? मी स्वतः तेच केले, आणि मग ओशाळलो. जॉन्सनने जे केले तेच मी करत होतो, कपड्यांवरून माणसाला जमात चिकटवत होतो. १९३०च्या चळवळीपासून बरेच मुसलमान दूर राहिले, हे खरे आहे. पण गांधीजींच्या अटकेनंतर धारासणाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व सत्तरी ओलांडलेल्या अब्बास तय्यबजींकडे आले आणि त्यांनाही अटक झाली, हेही खरे आहे. २१ मे रोजी धारासणाला इमामसाहेब अब्दुल कादर बावझीर होते. त्यांचे वडील मुंबईच्या जुम्मा मशिदीचे मुअज्जिन होते. ही माहिती टोप्या मोजून मिळालेली नाही, कुणीतरी नावे लिहून ठेवली म्हणून मिळाली.

गर्दीच्या फोटोत नाव नसलेला माणूस आपला असेल किंवा नसेल. फोटो तेवढे सांगत नाही, आणि आपण त्याच्या तोंडी घालू नये.

त्या मुलाला मी सांगितले, जुना फोटो मिळेल तेव्हा मिळेल. तोवर घरातली पत्र्याची पेटी उघड. दादा-दादीचे, लग्नाचे, कारखान्याच्या दारातले जे फोटो असतील ते बाहेर काढ. दादीला विचार हा कोण, ती कोण, साल कोणते, खोली कुठली. आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिही. पेनाची शाई फुटते.

दादी आहे तोवरच हे होईल. नंतर फोटो उरेल, आणि त्याखालची ओळ पुन्हा दुसरेच कुणी लिहील.