४२·३४ मीटर : काँग्रेस रेडिओच्या यंत्राची शक्ति

सन १९४२ च्या चळवळींत मुंबईहून चाललेल्या गुप्त काँग्रेस रेडिओविषयीं लिहितांना त्याच्या प्रक्षेपकाची शक्ति प्रथम १० व पुढें १०० किलोवॉट होती असें कांहीं ठिकाणीं म्हटलेलें आढळतें. हें विधान तपासून घेणें अवश्य आहे. सरकारी नभोवाणीनें १९३८ सालीं मुंबईस लघुलहरींचें यंत्र बसविलें तें १० किलोवॉटचें. त्याच्या दसपट यंत्र चौपाटीवरील भाड्याच्या जागेंत मावलें कसें, आणि पोलिसांस चुकवून बिऱ्हाडोबिऱ्हाडीं हलविलें कसें? आमच्या मतें ‘किलो’ हा नकलकारांचा प्रमाद होय. नुसते वॉट वाचावे, म्हणजे सर्व जुळतें.

याहून बळकट साक्ष तरंगलांबीची आहे. २७ ऑगस्ट १९४२ पासून उषा मेहता व त्यांचे सहकारी बोलत ते ४२·३४ मीटरांवर. प्रकाशाच्या वेगास या आंकड्यानें भागिलें असतां सेकंदास सुमारें ७०८० किलोसायकल येतात. आणि हा पट्टा हौशी प्रक्षेपकांचा. यंत्र जुळविणारे नरिमन प्रिंटर हे हौशी प्रक्षेपकच होते. १९३९ सालीं युद्धामुळें हौशी परवाने रद्द झाले. विद्या कांहीं रद्द झाली नाहीं. अस्सल कागदावरील शिक्क्याप्रमाणें हा आंकडा कर्त्याची ओळख पटवितो.

असें यंत्र घरीं होऊं शकतें. निर्वात नळींत तापलेल्या ऋणाग्राकडून धनाग्राकडे इलेक्ट्रॉनांचा ओघ जातो. मधल्या जाळीवरील अल्प विद्युद्दाबानें तो मोठा ओघ आवरतां येतो. तांब्याच्या तारेचें हातीं गुंडाळलेलें वेटोळें व एक कंडेन्सर यांनीं तरंगलांबी ठरते. आकाशतार अर्ध्या लहरीची, म्हणजे सुमारें ६६ फूट. नळ्या, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर हे जिन्नस सभांच्या ध्वनिवर्धकांतही लागत. शिकागो रेडिओच्या नानक मोटवानी यांचें साहाय्य या कामीं मोलाचें ठरलें तें यामुळेंच.

आवाज दूरवर ऐकूं जाई, म्हणून शक्ति मोठी, हा तर्कही टिकत नाहीं. चौपाटीपासून पेण सरळ रेषेनें सुमारें ३८ व रोहें ६५ किलोमीटर. या लांबीची भूपृष्ठालगतची लहर लवकर क्षीण होते, आणि आकाशांतून परतणारी कधीं कधीं जवळचा मुलूख ओलांडून जाते. सबब दूर प्रांतीं पोंचलेला आवाज रोह्यास न पोंचणेंही संभवतें.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं यंत्र पकडलें. पुढें खटल्यांत उषा मेहता यांस ४ वर्षांची शिक्षा झाली. पेण-रोह्याकडील जुन्या दप्तरांत त्या तीन महिन्यांच्या रोजनिशा असल्यास आवाज ऐकूं आला एवढेंच न पाहतां किती वाजतां आला, तेंही संग्राहकांनीं टिपून घ्यावें.