सातारा-सांगली प्रवासात काय खावं, काय टाळावं?

कराडमार्गे साताऱ्याहून सांगलीला जाताना गाडी थांबली की आधी वडापाव दिसतो. कधीतरी खायला हरकत नाही. पण नोकरीसाठी रोजच ये-जा असेल, तर मैदा, तळण आणि मीठ हाच आहार होऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा.

मग मागवायचं काय?

• नाश्ता: वडा-भजीऐवजी इडली किंवा पोहे.

• जेवण: ज्वारीची भाकरी, उसळ किंवा पिठलं, कांदा, ताक. 'तर्री कमी' असं आधीच सांगा.

• पिशवीत: फुटाणे, केळी आणि सांगलीचे बेदाणे. या बेदाण्यांना 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण द्राक्ष वाळलं की त्यातली साखर एकवटते, म्हणून मूठभरच; मधुमेह असेल तर त्याहून कमी.

• भडंग: चुरमुरे हलके, पण तेल-मीठ असतंच. पाकीट वाटून खा.

• कंदी पेढा: खवा आणि साखर. एक खा, बॉक्स घरी न्या.

• पेय: कोल्ड्रिंकऐवजी पाणी. उसाचा रस ताजा असला तरी त्यात साखर भरपूर.

सगळ्यात महत्त्वाचं, उपाशीपोटी निघू नका. कडकडून भूक लागली की समोर येईल ते आपण खातो.