संगणकाला हाक कोणी मारायची?

शिक्षक फळ्यावर गणित सोडवत आहेत. दर मिनिटाला थांबून प्रत्येक मुलाला ‘शंका आहे का?’ असे ते विचारत बसले, तर गणित कधी पुरे होणार? त्यापेक्षा ज्याला शंका असेल त्याने हात वर करावा. संगणकातही हीच रीत आहे. कळ दाबली की कळफलक प्रक्रियकाला संकेत पाठवतो. प्रक्रियक चालू काम बाजूला ठेवून ती कळ वाचतो आणि पुन्हा कामाला लागतो. या संकेताला आपण ‘इंटरप्ट’ म्हणतो.

पण हात कोणी वर केला, हे कसे ओळखायचे? १९८१ च्या आयबीएम पीसीत हे काम इंटेलच्या ८२५९ए या चिपकडे होते. तिच्याकडे आठ तारा येत. शून्य क्रमांकाची तार घड्याळाची, एक कळफलकाची, सहा फ्लॉपीची. १९८४ च्या पीसी-एटीत दुसरी चिप आली. पण ती पहिलीच्याच एका तारेवर जोडल्याने सोळाऐवजी पंधराच तारा हाती उरल्या.

मग दोन कार्डांनी एक तार का वापरू नये? अडचण अशी, की ही चिप तारेवरचे व्होल्टेज खालून वर चढण्याचा क्षण टिपत असे. एका कार्डाने तार आधीच वर नेलेली असेल, तर दुसऱ्याचे चढणे दिसणार कसे? हाक हरवे. म्हणून नवे कार्ड बसवताना जंपर हलवून मोकळा क्रमांक शोधावा लागे.

१९९२ मध्ये आलेल्या पीसीआयने चढण्याऐवजी पातळीकडे लक्ष दिले. कार्ड तार खाली ओढून धरते आणि काम झाल्यावरच सोडते. एकाचे काम झाले तरी तार खालीच असेल, तर आणखी कोणीतरी थांबले आहे हे उघड होते. क्रमांकांचे वाटपही संगणक सुरू होताना स्वतःच करू लागला.

१९९८ च्या पीसीआय २.२ मध्ये तारेविना हाक मारण्याची सोय झाली. साधन एका ठरलेल्या पत्त्यावर एक संख्या लिहिते. ती संख्या हीच हाक! या पद्धतीच्या पुढच्या रूपात एका साधनाला २०४८ पर्यंत वेगवेगळ्या हाका मिळू शकतात.

वर्गात हे करून पाहता येईल. दोन मुलांच्या हाती एकच दोरी द्या. आधी फक्त हिसका मोजा, मग दोरी ताणलेली आहे का ते पाहा. कोणत्या रीतीत हाक हरवते, हे मुले आपल्याला आपणहून सांगतील.