‘खरेदी’ या शब्दाचा अर्थ : दख्खनमधील जमीनविक्रीसंबंधी एक टिपण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनमधील शेतजमीन कुणब्यांच्या हातून सावकारांच्या हाती कितपत गेली, हा आपल्या इतिहासलेखनातील जुना वादविषय होय. या वादात नोंदलेल्या खरेदीखतांच्या संख्येला साहजिकच मोठे वजन येते. परंतु ती खते मोजण्यापूर्वी त्यांतील ‘खरेदी’ या शब्दाने लिहिणाऱ्याला काय अभिप्रेत होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

पेशवाईतील मिराशीची विक्री ही केवळ मातीची विक्री नव्हती. मिराशीबरोबर गावकीतील मानाचे स्थान व त्यास लागलेले हक्क-लाजिमेही घेणाऱ्याकडे जात. उपरी कुळ जमीन कसू शके, परंतु गावकीत बसू शकत नसे. म्हणून अशा पत्रावर पाटील-कुलकर्ण्यांची आणि गोताची साक्ष पडे. कुणबी आपली निशाणी म्हणून नांगर काढी. व्यवहार गावाच्या कानावर घातलेला असे. कागद हे त्या बोलण्याचे स्मरण होते. मूळ घराणे नष्ट झाल्यावरही त्याचे ‘थळ’ त्याच्याच नावाने ओळखले जाई, यावरून नाव व जमीन यांचा संबंध किती चिवट होता हे कळून येते.

इंग्रजी अमलात हा संबंध सैल झाला. १८६५ च्या मुंबई सर्वे कायद्याने भोगवट्याचा हक्क वारसाने मिळणारा व हस्तांतर करता येण्याजोगा ठरविला. तत्पूर्वी १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या रोख्याच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा पडली होती. रोखे वरचेवर नवे करावे लागत आणि प्रत्येक वेळी व्याज मुद्दलात मिसळे.

खरा पेच ‘गहाण’ या शब्दापाशी आहे. ‘गहाण-लहाण’ या जुन्या शर्तीप्रमाणे मुदतीत कर्ज न फिटल्यास गहाण जमीन सावकाराची होई. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही शर्त असूनही ऋणकोचा जमीन सोडविण्याचा हक्क मान्य केला. निर्णय न्याय्य खराच. पण त्यामुळे ‘गहाण’ हा शब्द सावकारास महाग पडू लागला. कागदावर ‘कायम खरेदी’ लिहावी आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी द्यावे, हा मार्ग त्यास अधिक निर्धोक वाटला असल्यास नवल नाही. पुढे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ९२ व्या कलमाने लेखी कराराच्या विरुद्ध तोंडी बोलीचा पुरावा सामान्यतः अग्राह्य ठरविला. लिहून देणाऱ्यास कागद वाचता येत नव्हता आणि वाचणाऱ्या न्यायाधीशास बोली ऐकता येत नव्हती!

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला, तेव्हा जमावाचा रोख सावकारांच्या वह्या व रोखे यांवर होता, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशास देवघेवीचा इतिहास मुळापासून तपासण्यास सांगितले आणि शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत, अशी तजवीज केली. नंतरच्या दुरुस्तीने, पुराव्याच्या कायद्यात काहीही असले तरी, व्यवहाराचे खरे स्वरूप ठरविण्याचा अधिकारही न्यायालयास मिळाला. खरेदीखतातील शब्द पुरेसे विश्वसनीय नाहीत, अशी ही विधिमंडळाचीच कबुली होय.

तेव्हा संशोधकाने खरेदीखत एकटे वाचू नये. जमीन विकल्यावर त्याच कुणब्याने त्याच जमिनीची कबुलायत खंडाने लिहून दिली आहे काय, हे आधी पाहावे. आणि तो खंड कर्जाच्या रकमेवरील व्याजाशी जुळतो काय, हेही ताडून पाहावे. दोन्ही गोष्टी जुळल्यास त्या खताची गणना विक्रीत करण्यापूर्वी थांबलेले बरे. किंमत बाजारभावाहून फार कमी असणे हाही एक संकेत आहे. पण दुष्काळाच्या वर्षी खऱ्या विक्रीचीही किंमत पडते, म्हणून केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. पहिल्या दोन खुणा तपासण्यासाठी खरेदीखते व कबुलायती एकत्र ठेवलेली दप्तरे लागतात, आणि आपण मात्र अद्याप त्या निरनिराळ्या रुमालांतच वाचीत आहोत.